दुरुस्तीचे गद्य

आधुनिक मराठी कवितेत यंत्र आले ते बहुधा प्रतिमा होऊन. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (1947) या संग्रहानंतर यंत्रयुग आणि माणसाचे क्षुद्रपण ही जोडी आपल्या समीक्षेत इतकी रुळली, की प्रश्नपत्रिकेत तिच्यावर हमखास एक प्रश्न असतो. पुढे नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (1966) मधून गिरणीतला माणूस कवितेच्या मध्यभागी आला, आणि ही मोठीच गोष्ट घडली. तरीही एक शंका मला अलीकडे छळते. आपल्या साहित्यातले यंत्र माणसाला चिरडते, थकवते, बेकार करते. पण ते बिघडले तर पुढे काय करायचे, हा प्रश्न तिथे क्वचितच येतो. ज्याला रोज यंत्राशी काम पडते त्याच्या दृष्टीने मात्र हाच पहिला प्रश्न असतो.

ही शंका मनात आली ती वाचताना नव्हे, तर कर्जत-खोपोली रस्त्यावर, पळसदरीच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेलो असताना. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने, त्याने मराठी घेऊन बी. ए. केले आहे, कर्ज काढून एक जुना छोटा लोडर घेतला. आपल्याकडे मोठ्या यंत्राला जसे सरसकट 'जेसीबी' म्हणतात तसे या छोट्याला 'बॉबकॅट' म्हणतात, मग बनावट कोणाचीही असो. याची चाके वळत नाहीत. एका बाजूची चाके दुसऱ्या बाजूपेक्षा वेगाने किंवा उलट फिरवायची, की यंत्र घसटत जागच्या जागी वळते. 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केलर बंधूंनी याचा पूर्वज बनवला, तो एका टर्कीपालकाच्या शेडमधली घाण काढण्यासाठी. मोठे यंत्र त्या खांबांमधून वळत नव्हते. जवळजवळ सत्तर वर्षांनी खालापूर तालुक्यातल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये हा मुलगा त्याच जातीच्या यंत्राने तेच काम करतो. उरलेले दिवस कर्जतकडच्या फार्महाऊसची माती सारखी करण्यात जातात.

पावसाळ्यात काम नव्हते. यंत्र ताडपत्रीखाली उभे राहिले. नवरात्राच्या सुमारास चालू करायला गेला तर स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागे, मग पांढरा धूर, आणि इंजिन लंगडत चाले. मिस्त्रींच्या भाषेत 'मिसिंग मारत होते'. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. कामाची मागणी होती, हप्त्याची तारीख जवळ आली होती, आणि यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका इंग्रजीत होती. मला बोलावले ते तिचा अर्थ लावायला.

माझा अर्थ लागायच्या आत मिस्त्रींनी निदान केले होते. इंजिन मंद चालू ठेवून ते पंपाकडून येणाऱ्या चार नळ्यांपैकी एकेका नळीचा इंजेक्टरजवळचा नट फडके धरून किंचित सैल करत होते. नट सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, आणि इंजिनाचा आवाज पडतो. पहिल्याला पडला, दुसऱ्याला पडला. तिसऱ्याला काहीच झाले नाही. "सर, ऐकलंत? काढून घेतलं तरी फरक नाही. म्हंजे हा कामच करत नव्हता."

वर्गात कविता शिकवताना आपण दुसरे काय करतो? एक शब्द काढून पाहा, ओळ पडते का ऐका. पडली नाही तर तो शब्द तिथे नुसता बसलेला होता. पण ही तुलना इथेच थांबवतो. यंत्र दिसले रे दिसले की त्याचे रूपक करायचे, ही आपली जुनी खोड आहे, आणि माझी तक्रार तिच्याविरुद्धच आहे. सावता माळी, नरहरी सोनार, गोरा कुंभार यांच्या धंद्याची परिभाषा मराठीत आदराने आली, पण आली ती परमार्थाच्या कामाला. सोनाराने सोन्याला डाग कसा द्यावा, हे कळावे म्हणून ते अभंग कोणी वाचत नाही. तेव्हा इंजेक्टरला इंजेक्टरच राहू द्यावा, आणि पुढे काय झाले ते पाहावे.

इंजेक्टर 'अडकला' याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही त्या दिवशी खरे होते. एक, तो अख्खा इंजेक्टर काजळी आणि गंजाने इंजिनाच्या हेडमध्ये घट्ट बसतो. दोन, त्याच्या आतली सुई तिच्या नळीत चिकटते. पहिल्यावर उपाय धीराचा. गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडून रात्रभर ठेवायचे, सकाळी इंजिन थोडे तापवायचे, आणि खोल पान्याने थोडे सैल, थोडे आवळ असे करत आटे मोकळे करायचे. विद्यार्थी घाई करत होता. मिस्त्री म्हणाले, "आज नाही निघाला तर उद्या निघंल. आटे गेले तर हेड उतरवावं लागंल, मग पंधरा दिवस बसशील." हेही खरेच, की मागचे दार उघडून, लोडरचे हात वर असतील तर त्यांना टेकू लावून, मगच त्यांनी कोणाला जवळ येऊ दिले.

दुसऱ्या अर्थाला धीर पुरत नाही. नोजलची सुई आणि तिचे घर ही घासून जुळवलेली जोडी असते. दोहोंमधली फट 2 ते 4 मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. एकाची सुई दुसऱ्याच्या घरात चालत नाही. अशा फटीत पाण्याचा अंश गेला तर गंजाचा एक ठिपकाही पुरतो. पाणी आले होते बॅरलमधून. बॅरल उघड्यावर उभा, झाकणावर पावसाचे तळे. दिवसा तापून फुगलेली आतली हवा रात्री आकसते आणि बुचाच्या आट्यांतून पाणी आत ओढते. बॅरल आडवा ठेवला असता, किंवा नुसता छपराखाली, तर हे टळले असते.

चारांपैकी एक सुई नुसत्या चिकट्याने धरली होती. स्वच्छ डिझेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशने पुसून ती मोकळी झाली: घरात थोडी वर ओढून सोडली की आपल्या वजनाने खाली घसरली. तिसऱ्या सिलिंडरची सुई मात्र वाचली नाही. तिच्यावर गंज होताच, पण त्याहून जुने, बारीक ओरखडे होते. पूर्वी कोणीतरी तिला पॉलिश पेपर मारला होता. शिवाय जुना तांब्याचा वॉशर न काढता त्याच्यावरच नवा चढवला होता. ज्याने हे केले तो निष्काळजी असेलच असे नाही. 'सुई साफ करायची', 'नवा वॉशर टाकायचा' एवढे त्याने पाहिले होते. का आणि कशाने, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. न सांगितलेल्या त्या दोन वाक्यांची किंमत माझ्या विद्यार्थ्याने नव्या नोजलच्या रूपाने मोजली.

नवे नोजल बसवून चारही इंजेक्टर खोपोलीला तपासणीच्या हातपंपावर नेले. अशा जुन्या इंजिनांत सुई उघडण्याचा दाब साधारण 140 ते 150 किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो. तो कमी-जास्त असेल तर स्प्रिंगखालची पातळ चकती बदलायची. तिथला तंत्रज्ञ एकेक दांडा दाबत बोलत होता: "हा फवारा. ही धार. हा थेंब." फवारा म्हणजे ठीक, धार म्हणजे भोक किंवा सुई खराब, उघडण्याच्या दाबाच्या थोडे खाली धरल्यावर तोंडाशी थेंब जमला तर सीट गळते आहे. आणि चांगले नोजल उडताना 'करकरले' पाहिजे. फवाऱ्यासमोर हात धरू नका, असे तो दर वेळी बजावत होता. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते, आणि जखम दिसायला टोचल्याएवढी असली तरी शस्त्रक्रियेची वेळ येते.

फवारा, धार, थेंब. मी तीस वर्षे मराठी शिकवतो. एका वस्तूच्या तीन अवस्था इतक्या नेमक्या शब्दांत वेगळ्या झालेल्या मी फार वाचलेल्या नाहीत. यातला एकही शब्द नवा घडवलेला नाही. शासनाचे भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झाले, त्याने परिभाषा कोश काढले, आणि इंजेक्टरसाठी 'अंतःक्षेपक' या वळणाचे शब्द आपण पाहिले. मी त्या श्रमांची टिंगल करणार नाही. ती सोपी आहे आणि फार झाली आहे. पण नामे घडवण्यात आपण इतके गुंतलो, की वाक्ये लिहायची राहिली. इंजेक्टरला इंजेक्टर म्हटल्याने मराठीचे काही जात नाही. 'करकरला नाही तर बसवू नये, कारण...' हे कारणासकट वाक्य मराठीत छापलेले नसल्याने जाते.

हे आपल्या परंपरेत नव्हतेच असेही नाही. 1920 साली किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला, आणि त्याच रोपट्याचे पुढे महाराष्ट्राचे एक प्रमुख मासिक झाले. साहित्याच्या इतिहासात आपण त्या मासिकाच्या कथा, लेख आणि स्त्रीविषयक विचार शिकवतो. नांगराचा फाळ कुठे विसरला, हे विचारत नाही. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'ने (1915) बलुतेदारांची कामे नावानिशी नोंदली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (1980) टोपल्या विणणाऱ्या कैकाडी समाजाचे काम त्याच्या शब्दांसकट आले. मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, यंत्रे कशी चालतात ते गंभीरपणे समजावले. चालतात कसे, हे कोशाने सांगितले. राबणाऱ्याचे जगणे आत्मकथनांनी सांगितले. या दोहोंच्या मधली जागा, बिघडलेले चालू कसे करायचे, रिकामी राहिली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हातचे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते उस्तादाशेजारी बसून येते, आणि आता मोबाइलवर हिंदीत हवे तेवढे पाहायला मिळते. खरे आहे. पाना किती जोराने ओढायचा हे कोणतेही गद्य शिकवणार नाही. पण कारण, क्रम, मर्यादा आणि धोका या चार गोष्टी शब्दांतच राहू शकतात. नळी सैल करून आवाज ऐकण्याची परीक्षाच घ्या. ती फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांना लागू आहे. आजच्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार किलोच्या कितीतरी वर जातो. तिथे चालू इंजिनाची नळी सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. चित्रफितीत हात दिसतो, ही अट दिसत नाही. आणि यांत्रिक पंप ओळखणारे मिस्त्री निवृत्त होत आहेत. आमच्या मिस्त्रींचा मुलगा खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. ज्या नाशिकमध्ये डिझेलची नोजल दशकानुदशके बनत आली, ज्या कंपनीचे नाव 2008 साली 'बॉश' झाले तरी गॅरेजात अजून 'माइको'च म्हणतात, तिथे मराठी हातांचे केवढे कौशल्य साचलेले असेल! त्यातले मराठी गद्यात किती उतरले?

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती आपल्या मराठी विभागांना आहे. 'व्यावहारिक मराठी'च्या नावाखाली आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात आणि बातमी शिकवतो. माझ्या या विद्यार्थ्याला अर्जलेखनात मी चांगले गुण दिले होते. त्या शिक्षणाचा एकही शब्द त्याला ताडपत्रीखालच्या यंत्रापाशी उपयोगी पडला नाही, आणि याची जबाबदारी माझी आहे. त्या अभ्यासक्रमात एक प्रकल्प असावा: विद्यार्थ्याने गावातल्या एखाद्या कारागिराजवळ बसून एक दुरुस्ती पाहावी, आणि ती अशी लिहावी की दुसऱ्याला वाचून करता यावी. कर्जतमध्ये भात संशोधन केंद्र आहे, खोपोलीत 1915 पासून वीज बनते आहे, विषयांना तोटा नाही. तपासायला त्याच कारागिराला द्यावे. तो सांगेल कुठे अडते.

माझ्या विद्यार्थ्याने सुरुवात केली आहे. परवा त्याने वहीची दोन पाने आणून दिली. पहिले वाक्य होते, 'लोडरचे हात वर असल्यास टेकू लावल्याशिवाय खाली जाऊ नये.' ते तसेच ठेवले. दुसऱ्या पानावर 'नट थोडा सैल करावा' असे होते. मी 'थोडा' खाली रेघ मारली आणि समासात 'किती?' असे लिहिले. त्याला उत्तर आले नाही, मलाही येत नव्हते. आम्ही वही घेऊन पळसदरीला गेलो.