व्हल्गर म्हणजे नक्की काय रे भाऊ?

परवा ऑफिसात एक गंमत झाली. गंमत म्हणजे, माझ्या अंगाशी आली म्हणून आता गंमत म्हणायचं.

टीममधल्या एका मुलीने वार्षिक कार्यक्रमाचं वेबपेज केलं होतं. सोनेरी अक्षरं, जांभळी बॅकग्राउंड, वरून अखंड पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या... माउस हलवावा तिथे चांदण्या! रिव्ह्यूमध्ये मी इंग्रजीत एक ओळ टाकली, "पेज जरा व्हल्गर दिसतंय," आणि जेवायला गेलो.

परत येतो तर बाईसाहेब माझ्या जागेशी उभ्या, चेहरा लालबुंद. "अरे, सगळे फोटो दोनदा तपासले मी. कोणता फोटो तुला घाणेरडा वाटला ते तरी सांग!"

मी आपला सवयीप्रमाणे डिक्शनरी उघडून बसलो. आणि डिक्शनरी माझ्याच बाजूने होती हो! व्हल्गर म्हणजे अभिरुचीहीन, बटबटीत, असंस्कृत. अश्लील हाही अर्थ आहे, पण तो एकटाच नाही. १८१५ साली आलेल्या जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये नायिका मिसेस एल्टनला व्हल्गर म्हणते, ते काही कपड्यांवरून नाही. नवऱ्याचा उल्लेख सलगीने करणं, बहिणीच्या घराची आणि गाडीची सारखी टिमकी वाजवणं, यावरून.

मूळ लॅटिन शब्द 'व्हल्गस', म्हणजे सामान्य लोक, चारचौघं. जी बोलीभाषेतली लॅटिन पुढे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन झाली ती व्हल्गर लॅटिन. आणि शाळेतले व्यवहारी अपूर्णांक आठवतात? त्यांचं इंग्रजी नाव व्हल्गर फ्रॅक्शन. तीन छेद चारमध्ये कसली आलीये अश्लीलता? चारचौघांचं ते हलकं, असं वरच्या लोकांनी ठरवलं आणि शब्द बिचारा बदनाम झाला.

आपल्याकडेही तेच. 'ग्राम्य' म्हणजे गावातलं, आणि तीच शिवी. 'गावंढळ'ची कथा वेगळी नाही. पण आपल्या जुन्या लोकांनी एक गोष्ट नीट केली होती. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त ग्राम्य आणि अश्लील हे दोन वेगवेगळे दोष आहेत. अश्लीलाचेही पुन्हा तीन प्रकार: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. सुप्रीम कोर्टानेही १९८५ साली समरेश बसूंच्या 'प्रजापति' कादंबरीच्या खटल्यात हाच फरक केला. व्हल्गर लिखाण म्हणजे अश्लील लिखाण असं नाही. पहिल्याने किळस येईल, कंटाळा येईल, पण तेवढ्याने माणूस बिघडत नाही.

आपण मात्र दोन्ही खाने एक करून टाकले. त्यामुळे होतं काय, की हा शब्द जवळजवळ फक्त मुलींच्या कपड्यांसाठी उरला. स्लीव्हलेस घातलं की व्हल्गर. आणि वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला बाथरूममध्ये नेऊन नळाची किंमत सांगणारा यजमान? तो "हौशी"! चौकात स्वतःचाच वीस फुटी फ्लेक्स लावून स्वतःलाच शुभेच्छा देणारे? ते "भावी" काहीतरी. (कुणाच्या दहाव्याला जाऊन मुलाला पॅकेज विचारणाऱ्यासाठी इंग्रजीत आणखी एक नेमका शब्द आहे, क्रॅस. मूळ लॅटिन अर्थ जाड. आपण कातडीला लावतो ते विशेषण.)

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग मला आमचे मामा आठवले. आयुष्यभर दोन खोल्यांत काढून पन्नाशीत त्यांनी फ्लॅट घेतला. हॉलमध्ये लालभडक सोफा, त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं आणि चमचमता धबधबा. मित्रांना घेऊन गेलो होतो तेव्हा मला थोडी लाजच वाटली होती, खोटं कशाला बोलू? डिक्शनरीच्या हिशोबाने तो हॉल नक्की व्हल्गर. पण मामांनी किंमत कुणाला सांगितली नाही. "बसा, ऐसपैस बसा" एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्या हॉलमध्ये व्हल्गर कुणी असेल तर तो मीच, भाच्याच्या खुर्चीत बसून पडद्यांचे रंग मोजणारा.

म्हणून हल्ली मी हा शब्द वापरताना बघतो, की बोट वरच्याकडे जातंय की खालच्याकडे. नळवाल्याला खुशाल म्हणेन. मामांना नाही.

राहता राहिलं ते वेबपेज. त्याच्यासाठी मराठीत साधा, स्वच्छ, कुणालाही न लागणारा शब्द होताच की, भडक! कॉमेंट काढून टाकली, तिची माफी मागितली आणि नवीन लिहिलं, "रंग भडक आहेत. पाकळ्या आणि चांदण्या, दोन्ही काढ."

तिने चांदण्या काढल्या. पाकळ्या अजून पडतायत.