लघवीची डबी आधी द्या

बोईसरला नवापूर रोडवर गेली एकवीस वर्षं माझी लॅब आहे. सकाळी सातला शटर वर करते तेव्हा फर्स्ट शिफ्ट बुडवून आलेला एखादा तरी एमआयडीसीवाला पायरीवर बसलेला असतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक जण आला. सांधे धरतात म्हणून कुणी अँका तपासायला लिहून दिली होती. मुंबईहून मोबाइलवर रिपोर्ट आलेला, एमपीओ अँका पॉझिटिव्ह. रात्रभर गुगल वाचून डोळे लाल. "ताई, किडनी जाणार का माझी?"

मी त्याला डबी दिली. ताजी लघवी पट्टीने तपासली, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. ना रक्तपेशी, ना प्रथिनं. मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिनही ठीक. म्हटलं, हे सगळं घेऊन फिजिशियनला भेट, पण आज जेवून जा.

आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एमपीओ किंवा पीआर३ या द्रव्यांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं, ती अँका. ती पेशींना चिकटली की भडकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाळतात. मूत्रपिंड आणि फुप्फुसं बऱ्याचदा तावडीत सापडतात. हाच व्हॅस्क्युलायटिस. 1980च्या दशकात त्याच्याशी अँकाचं नातं पुढे आलं. पण एमपीओविरुद्धची प्रतिपिंडं धडधाकट माणसांतही थोडी असतात, मग ती का चावत नाहीत?

2013 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रतिपिंडं एमपीओला नेमकी कुठे धरतात ते तपासलं. काही जागा निरोगी माणसांचीही प्रतिपिंडं धरतात. काही मात्र आजार पेटलेला असतानाच धरल्या जातात. आमच्या किनाऱ्यावरच्या पोरांना हे समजावायला नको. चिंबोरी मागून धरली तर निमूट राहते, नांगीपाशी बोट गेलं की रक्त. नेहमीचा रिपोर्ट फक्त सांगतो की हात चिंबोरीवर आहे. कुठे आहे, ते सांगत नाही.

उलटंही होतं. चिंचणीच्या एका शिक्षिकेची अँका निगेटिव्ह होती, म्हणून घरचे निर्धास्त. लघवीत मला रक्तपेशींचे कास्ट, म्हणजे मूत्रपिंडाच्या नळ्यांत जमलेले साचे दिसले; मूत्रपिंडाच्या गाळणीतूनच रक्त येत होतं. मुंबईत बायोप्सी झाली, व्हॅस्क्युलायटिसच निघाला. त्याच संशोधनात अशा काही निगेटिव्ह रुग्णांत घातक प्रतिपिंडं होती, पण रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाच्या तुकड्याने एमपीओवरची ती जागा झाकल्यामुळे चाचणीला ती दिसत नव्हती. बाईंचं तसंच होतं की नाही, ते मी कोण सांगणार?

आणि टीबीतही अँका पॉझिटिव्ह येऊ शकते. नुसत्या कागदावर विसंबून अशा रुग्णाला व्हॅस्क्युलायटिसवरचं, प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड सुरू केलं तर काय होईल, ते पालघरच्या डॉक्टरांना मी सांगायला नको.

म्हणून माझं मागणं साधं आहे. डॉक्टरांनी अँका लिहिताना त्याच चिठ्ठीवर क्रिएटिनिन आणि लघवीची मायक्रोस्कोपी लिहावी. आणि आम्ही लॅबवाल्यांनी पट्टी बुडवून "नील" लिहिणं थांबवावं. रक्त थर्मोकोलच्या डब्यात घालून विरार लोकलने जाऊ दे, लघवी नको. दोन तासांत कास्ट विरघळू लागतात, मुंबईत पोचेपर्यंत बघण्यासारखं उरतं काय? माझ्याकडे ही तपासणी दीडशे रुपयांना होते. अँकाला लोक हजारांत मोजतात, म्हणून कदाचित तिच्यावर विश्वास जास्त.

तो एमआयडीसीवाला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी येतो. परवा डबी घरूनच भरून आणली होती, सकाळी पाचची. मी परत पाठवला, ताजी आण म्हणून. चिडला.