रात्री दहानंतरचा डबा

चंदगड तालुक्यात रेल्वे नाही. तरीही आमच्या ओपीडीचा आणि रेल्वेचा संबंध जवळजवळ रोजचा. कुणाला मोठ्या तपासणीसाठी, ऑपरेशनसाठी किंवा किमोसाठी मुंबई-पुण्याला जायचे असले, की आधी एसटीने शिनोळीमार्गे बेळगाव गाठायचे, नाहीतर शंभर किलोमीटरपलीकडचे कोल्हापूर, आणि तिथून पुढे रात्रीची गाडी. रात्रीचीच, कारण सकाळी हॉस्पिटलच्या रांगेत नंबर लागला पाहिजे आणि लॉजचे पैसेही वाचले पाहिजेत. म्हणजे ज्याला झोपेची सगळ्यात जास्त गरज, तोच माणूस तपासणीच्या आदली रात्र डब्यात काढतो.

असाच एक तरुण मध्यंतरी परत आला. त्याला फिट्सचा आजार. गोळ्या वेळेवर चालू होत्या, दोन वर्षांहून अधिक काळ एकही झटका आलेला नव्हता. गोळ्या कमी करता येतील का, हे विचारायला तो मुंबईला निघाला होता. सकाळी गाडीतून उतरला आणि फलाटावरच झटका आला. गोळ्या कमी व्हायच्या त्या वाढल्या. मी विचारले, ‘‘गोळी चुकली होती का?’’

‘‘नाही सर, घेतलेली. झोप नाही झाली.’’

समोरच्या बर्थवरचे गृहस्थ रात्री अडीचपर्यंत मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ बघत होते. इअरफोन नव्हता.

‘‘मग सांगायचं ना त्यांना.’’

‘‘वयानं मोठे होते, सर. कसं सांगायचं?’’

झटक्याचे सगळे खापर त्या मोबाइलवर फोडता येणार नाही. नवी जागा, हॉस्पिटलची धास्ती, संध्याकाळी नीट न झालेले जेवण, यांतल्या कशानेही झोप उडू शकते. पण जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. अपस्माराच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही जागरण टाळायला सांगतो, ते याचसाठी. अर्धशिशीचेही तसेच. काही मानसिक आजारांत एका रात्रीची झोप गेली, तरी उन्मादाची अवस्था सुरू होऊ शकते. जागरणानंतर सकाळी मोजलेला रक्तदाब चढा येतो आणि तोच आकडा केसपेपरवर चढतो. डब्यातला आवाज ही निव्वळ शिष्टाचाराची बाब नाही, असे मी म्हणतो ते यामुळे.

यावर नेहमी विचारले जाते, ‘‘डॉक्टर, रेल्वेचाच केवढा आवाज असतो. त्यात एका मोबाइलचं काय?’’ प्रश्न रास्त आहे. आपसात साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. खिडक्या उघड्या असलेल्या स्लीपरच्या डब्यात रुळांचा खडखडाट त्याच्या वर सहज जातो. तरीही त्या खडखडाटात लेकरे गाढ झोपतात, आणि शेजारी त्याच्याहून हळू वाजणाऱ्या एका रीलने माणूस दचकून उठतो.

कारण झोपेत डोळे मिटतात, पण कान मिटत नाहीत. मेंदू आवाज ऐकत राहतो आणि त्यांची निवड करत राहतो. एका लयीत चालणारा, अर्थ नसलेला आवाज तो मागे सारतो. अचानक बदलणारा आवाज, आणि त्याहूनही माणसाचे बोलणे, तो पुढे घेतो. रीलमध्ये दर पंधरा-वीस सेकंदांनी गाणे बदलते, हशा येतो, कुणी ओरडते. झोपलेल्या मेंदूला याहून त्रासदायक काही रचायचे ठरवले, तरी जमणार नाही. झोपेच्या प्रयोगशाळांत दिसलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. रोजच्या आवाजाची सवय झाली, की माणूस पूर्ण जागा होण्याचे प्रमाण कमी होते, पण प्रत्येक आवाजासरशी नाडीचे ठोके वाढणे बऱ्याच अंशी चालूच राहते. ‘‘मला काही फरक पडत नाही, मी कुठंही झोपतो,’’ म्हणणाऱ्याच्या हृदयाला ते मान्य असतेच असे नाही.

फोनवरच्या बोलण्याचे कोडे तर आणखी गमतीदार आहे. समोरासमोर बसून दोघे गप्पा मारत असतील, तर आपण दुर्लक्ष करू शकतो. एकटा माणूस फोनवर तेवढ्याच आवाजात बोलत असेल, तर मात्र डोके उठते. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हेच तपासले होते. आवाज सारखाच असूनही लोकांना फोनवरचे बोलणे जास्त खटकले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासातून त्याचे कारण पुढे आले. अर्धेच संभाषण कानावर पडले, की उरलेले अर्धे मेंदू आपणहून जुळवू पाहतो आणि हातातल्या कामावरचे लक्ष उडते. तेच बोलणे शब्द कळणार नाहीत असे करून ऐकवले, तेव्हा लक्ष विचलित होणे थांबले. म्हणजे त्रास आवाजापेक्षा अर्थाचा. ‘‘हां... हां... मग तिनं काय केलं?... अगं बाई!’’ एवढेच ऐकून तिने काय केले असेल याचा विचार मी स्वतः मिरजेपासून साताऱ्यापर्यंत केलेला आहे.

त्याहून जुना एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९७०च्या आसपास ग्लास आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोठे, बेभरवशाचे आवाज ऐकवले. त्यांपैकी काहींना एक बटण दिले आणि सांगितले, अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज थांबेल. दाबले नाही तर बरे. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला. पण नंतर दिलेल्या कामांत बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोड्यांपुढे ते जास्त वेळ टिकले. आवाज थांबवणे आपल्या हातात आहे, एवढ्या नुसत्या जाणिवेने फरक पडला. आमच्या त्या तरुणाकडे नेमके हे बटण नव्हते.

ते कुणी द्यायचे? जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने सूचना काढली. रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने फोनवर बोलायचे नाही, इअरफोनशिवाय गाणी लावायची नाहीत, गटाने गप्पांचा फड जमवायचा नाही, मंद दिवा सोडून बाकीचे दिवे बंद. प्रवाशांना समजावण्याचे काम गाडीतल्या कर्मचाऱ्यांवर सोपवले. सूचना चांगली आहे. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही रात्र म्हणजे दहा ते सहाच, त्यामुळे वेळही जुळते. पण रेल्वेचाच दुसरा नियम असा, की रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत टीटीईने झोपलेल्या प्रवाशांना तिकिटासाठी उठवू नये. तोही योग्यच आहे. दोन्ही एकत्र ठेवून पाहा. शांततेचा नियम ज्या मिनिटाला लागू होतो, त्याच मिनिटापासून तो सांगणारा माणूस डब्यात फिरकण्याचे कारण उरत नाही. कोल्हापूरहून निघालेली गाडी मिरज-सांगलीच्या आसपास असते तेव्हा दहा वाजतात. पुढची सगळी रात्र नियम आहे आणि माणूस नाही.

तक्रारीला १३९ क्रमांक आहे, रेल्वे कायद्याच्या कलम १४५ मध्ये उपद्रव करणाऱ्याला गाडीतून उतरवण्याची तरतूदही आहे. पण व्हिडिओ मोठ्याने लावले म्हणून समोरच्या आजोबांना मध्यरात्री फलाटावर उतरवा, असे कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. शिक्षा एवढी मोठी आणि चूक एवढी छोटी असली, की नियम कुणी वापरतच नाही.

बसमध्ये हे तुलनेने सोपे आहे, कारण तिथे कंडक्टर असतो. कर्नाटकात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य परिवहनने मोबाइल मोठ्याने वाजवायला बंदी केली आणि न ऐकणाऱ्याला उतरवण्याचा अधिकार कंडक्टरला दिला. मुंबईत बेस्टनेही एप्रिल २०२३ मध्ये तशी बंदी घातली. बेळगावच्या गाडीत मी पाहिले आहे, कंडक्टर तिकीट फाडता फाडता ‘‘मामा, आवाज बारीक करा की जरा,’’ एवढेच म्हणतो आणि मामा करतातही. त्यात शिक्षेचा धाक नसतो. सांगणारा शेजारचा प्रवासी नसतो, एवढेच. शेजाऱ्याने सांगितले की भांडण, कंडक्टरने सांगितले की पद्धत.

अमेरिकेत ‘शांत डबा’ सुरू झाला तो २०००च्या सुमारास, फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला रोज पहाटे जाणाऱ्या प्रवाशांच्या मागणीवरून. त्याचा खरा फायदा असा, की नियम डब्याच्या दारावरच लिहिलेला असतो. आत येणारा तो मान्य करून येतो. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत महिलांसाठी, दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. रात्रीच्या एखाद्या गाडीत एक डबा शांततेचा म्हणून जोडून पाहायला नवी गाडी बांधावी लागणार नाही. रुग्णांच्या सवलतीच्या तिकिटांना त्या डब्यात आधी जागा द्यावी, असे मला वाटते. ते होईपर्यंत टीटीईने दहाच्या सुमारास एकच फेरी मारावी, तिकिटासाठी नव्हे, ‘‘दहा वाजले, आवाज बंद करा’’ एवढे म्हणण्यासाठी.

आता दुसरी बाजू. मोठ्याने बोलणारा प्रत्येक माणूस बेफिकीर नसतो. आमच्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९८२च्या संपानंतर बरीच परतली. मागखात्यात, साच्यांच्या धडधडीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांचे कान तिथेच राहिले. अशा आवाजाने आधी वरच्या पट्टीचे ऐकणे जाते. स, श, फ, त ही व्यंजने पुसट होतात, स्वर तेवढे पोहोचतात. म्हणून हे आजोबा म्हणतात, ‘‘ऐकू येतंय, पण कळंना.’’ ते फोन स्पीकरवर टाकतात आणि आवाज शेवटपर्यंत वाढवतात. स्वतःचा आवाजही त्यांना कमी ऐकू येतो, म्हणून तोही चढतो. त्यांना ‘इअरफोन लावा’ म्हणणे म्हणजे लंगडणाऱ्याला ‘नीट चाला’ म्हणण्यासारखे आहे. त्यांना श्रवणयंत्र हवे. केंद्राच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना ते मोफत मिळू शकते, पण मागायला फार थोडे येतात. बहिरेपण मान्य करण्यापेक्षा ‘आजकालची माणसं पुटपुटतात’ हे मान्य करणे सोपे जाते.

कान चांगले असलेलेही गाडीत मोठ्याने बोलतात, त्यालाही कारण आहे. भोवती गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच नोंदवले होते. एकाने फोन काढला की दुसरा त्याच्यावर आवाज चढवतो, मग तिसरा. पहिला आवाज खाली आला, की बाकीचे पुष्कळदा आपोआप खाली येतात.

इअरफोन लावणाऱ्या तरुणांनाही एक सांगायचे आहे. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेला, तर शेजारी सुटतो आणि स्वतःचा कान सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. गाडी थांबल्यावर गाणे फार मोठे वाटले, तर ते चालत्या गाडीतही मोठेच होते.

त्या तरुणाला पुढच्या खेपेला मी फोमचे इअरप्लग न्यायला सांगितले. कापसाचे बोळे फारसे कामाचे नसतात. फोम बोटांनी वळून बारीक करायचा, कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. सोबत भाऊ असणार होता, म्हणून उतरायचे स्टेशन चुकण्याची भीती नव्हती. रात्रीची गोळी गाडीत बसण्याआधी, जेवणानंतर. आणि बर्थवर बसल्या बसल्या, कुणाचा मोबाइल सुरू होण्याआधीच, समोरच्यांना सांगायचे, ‘‘काका, मी पेशंट आहे, मला झोप लागते. रात्री जरा सांभाळून घ्या.’’

तो जाऊन आला. झोप बरी झाली म्हणाला. समोरच्या काकांनी मोबाइल बंद केला, पण कुठला पेशंट, काय आजार, कुठल्या डॉक्टरकडे, हे सगळे विचारण्यात पाऊण तास घेतला.