यांत्रिक खेचर आणि हमालाचा पाय

रायपूरच्या गोल बाजारात जन्मापासून मरणापर्यंत लागणारे सर्व सामान मिळते, असे त्या शहरात म्हटले जाते. ते सामान दुकानापर्यंत कोणाच्या पाठीवरून पोहोचते, याचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. बाजाराच्या आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. मालमोटार तेथवर जाऊ शकत नाही. माल बाहेर उतरतो आणि पुढचा प्रवास हातगाडीने किंवा माणसाच्या पाठीवरून होतो. धान्याचे पोते आज साधारणपणे ५० किलोचे असते. ते पाठीवर घेऊन चालणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही. खिळा, पत्र्याची कड किंवा फुटकी काच झिजलेल्या चपलेतून पायात शिरते. जखमेवर चिंधी बांधली जाते आणि काम पुढे चालू राहते, कारण ज्या दिवशी पोते उचलले नाही त्या दिवशी मजुरी नाही.

ओझ्याचा हाच प्रश्न एका वेगळ्या रूपात १५ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात दिसला. सेनादिनाचे संचलन त्या वर्षी प्रथमच पुण्यात, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर झाले आणि जवानांच्या बरोबरीने चार पायांची यांत्रिक खेचरे पावले टाकीत गेली. डोंगराळ भागात सामान वाहणे व टेहळणी करणे हे त्यांचे काम. प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे असे एक यंत्र १५ किलोच्या आसपास ओझे वाहते. वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे ठळकपणे छापली.

सीमेवरचा जवान हा शेतकऱ्या-कामकऱ्यांचाच मुलगा आहे. बर्फाळ चढणीवर त्याच्या पाठीवरचे ओझे कमी होत असेल तर त्याला कोणीही विरोध करण्याचे कारण नाही. हमालाला जवानाच्या विरोधात उभे करणे हा येथे हेतूच नाही. प्रश्न वेगळा आहे. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्राने घ्यावे हे ज्या समाजाला कळते, त्या समाजात गोल बाजारातील ५० किलोचे पोते संशोधनाचा विषय का होत नाही?

चालणाऱ्या यंत्राची वंशावळ

यंत्राला पाय देण्याच्या विद्येचा एक उगम लष्करी छावणीत नव्हे, तर अपंगांच्या सेवेत आहे. युगोस्लाव्हियातील शास्त्रज्ञ राज्को तोमोविच यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी बेलग्रेडमध्ये हात गमावलेल्या माणसांसाठी कृत्रिम हात तयार केला. वस्तूला स्पर्श होताच त्याची बोटे आपोआप तिच्या आकाराप्रमाणे मिटत. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मॅगी यांनी तोमोविच यांच्यासमवेत १९६६ साली अवयवांच्या हालचालींचा तार्किक सिद्धांत मांडला आणि त्याच दशकात चार पायांचे एक यंत्र चालवून दाखविले. त्याच्या प्रत्येक सांध्याला तीनच अवस्था होत्या : पुढे, मागे आणि स्थिर. कोणत्या क्षणी कोणता सांधा कोणत्या अवस्थेत जाईल हे साध्या तार्किक नियमांनी ठरत असे. घोड्याची चाल अशा रीतीने ‘जर-तर’च्या भाषेत उतरली.

पुढे या विद्येचा खर्च कोणी उचलला हे पाहिले म्हणजे तिची दिशा कशी ठरली ते कळते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने सैन्यासाठी चार पायांचे अवजड वाहन बनविले. २००५ साली गाजलेले ‘बिगडॉग’ हे चतुष्पाद यंत्र अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या पैशावर उभे राहिले. त्याच्या थोरल्या भावंडाला अमेरिकेच्या मरीन दलाने २०१५च्या अखेरीस बाजूला ठेवले, कारण त्याच्या इंजिनाचा आवाज शत्रूला दुरून ऐकू गेला असता. एवढा पैसा व एवढी बुद्धी खर्च होऊन यंत्र अडगळीत गेले, तरी उधळपट्टीची ओरड झाली नाही. इस्पितळासाठी पट्ट्या मागितल्या की मात्र तिजोरी रिकामी असल्याचे सांगितले जाते.

जपानमधील शास्त्रज्ञ शिगेओ हिरोसे यांनी आपले चतुष्पाद यंत्र जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढण्याच्या कामाला जोडले. म्हणजे त्याच विद्येचा उपयोग माणसाचा पाय वाचविण्यासाठीही होऊ शकतो. विद्या कोणाच्या कामी यावी हे तिच्या पोटातून ठरत नाही. ते ठरविणारे हात बाहेर असतात.

केळीचे पान आणि मध

जखमेच्या शास्त्राची कहाणी याच्या नेमकी उलट आहे. तेथे मोठा खर्च करणारे खाते नव्हते. होती ती सार्वजनिक इस्पितळे आणि दाराशी येणारे भाजलेले, कापलेले गरीब रुग्ण.

जखम कोरडी ठेवावी आणि तिच्यावर खपली धरू द्यावी, अशी समजूत दीर्घकाळ होती. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले की, ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरते. या शोधाच्या आधारे पाश्चात्त्य देशांत महागड्या पट्ट्यांचा उद्योग उभा राहिला. भारतातील इस्पितळांना तो परवडणारा नव्हता, म्हणून येथील डॉक्टरांनी हाताशी असलेल्या वस्तूंची शास्त्रीय पारख केली. मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर बसवून भाजलेल्या मुलांसाठी पट्टी तयार केली व तिचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी पारखली. तिचे निष्कर्ष २००३ साली छापले गेले. पान मेणचट असल्यामुळे जखमेला चिकटत नाही, आणि पट्टी काढताना रुग्ण किंचाळत नाही. ज्याने भाजलेल्या मुलाची पट्टी बदलताना पाहिले आहे, त्याला या वाक्याचे मोल सांगावे लागणार नाही.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ब्रिटनमधील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांवर मधाची पट्टी, तर निम्म्यांवर चांदीयुक्त प्रचलित मलम वापरले गेले. मध लावलेल्या जखमांपैकी ८७ टक्के जखमा १५ दिवसांत भरल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. मधातील साखर जंतूंमधील पाणी ओढून घेते, त्याची आम्लता त्यांना वाढू देत नाही आणि त्यातून जंतुनाशक द्रव्य मंदपणे निर्माण होत राहते. पुढील परीक्षकांनी या अभ्यासांच्या पद्धतीवर काही रास्त आक्षेप घेतले. तरीही वरवरच्या भाजण्याच्या जखमा मधाने लवकर भरतात, हा निष्कर्ष नंतरच्या जागतिक समीक्षेतही टिकला. मधुमेही पायाच्या जखमेबाबत तसा पुरावा नाही आणि बाजारातील कोणताही मध जखमेवर ओतणे धोक्याचे आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शास्त्र आणि घरगुती समजूत यांतील फरक तो हाच.

पुढे काय घडले? न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातील मध निर्जंतुक करून नळीत भरला गेला, २००७ साली अमेरिकेत त्याला औषधी साधन म्हणून मान्यता मिळाली आणि तो चढ्या दराने विकला जाऊ लागला. सोलापूरच्या सार्वजनिक इस्पितळात गरिबांच्या जखमांवर सिद्ध झालेले ज्ञान सार्वजनिक कारखान्यातून स्वस्त पट्टी होऊन गोल बाजारापर्यंत पोहोचले नाही. ज्ञान होते, रुग्ण होते. दोहोंमध्ये पूल बांधणारी योजना नव्हती.

ओझे उतरविणे हाच उपचार

पायाच्या जखमेबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९४६ साली वेल्लोर येथे आलेल्या आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याचा पाय रोगामुळे आपोआप झडत नाही. पाय बधिर होतो, वेदना जाणवत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि दाबाने पाय नष्ट होतो. मधुमेहातही हेच घडते. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या बाबतीत आरंभ पायावरच्या एका जखमेने झालेला असतो. यावरचा प्रमुख उपाय कोणतेही मलम नव्हे. जखमेवरचा भार काढून घेणे हा आहे. त्यासाठी पायाला घट्ट बसणारे विशेष प्लास्टर घालतात, मऊ तळव्याच्या चपला देतात आणि काही आठवडे विश्रांती सांगतात.

ज्याचा धंदाच ओझे वाहण्याचा, त्याला डॉक्टर सांगतो : पायावर भार देऊ नका. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे आणि रोजंदारीच्या व्यवस्थेत तो पाळणे अशक्य आहे. म्हणून हमालाची जखम हा केवळ वैद्यकाचा प्रश्न उरत नाही. भरपगारी रजा, पोत्याचे वजन आणि ओझे वाहण्याचे साधन या तिन्ही गोष्टी त्याच्या औषधयोजनेचाच भाग ठरतात.

कारण विचारण्याचा हक्क

मग प्राथमिक केंद्रातील आरोग्यसेविकेला कसे कळावे की कोणती जखम मलमपट्टीने भरेल आणि कोणती तातडीने मोठ्या इस्पितळात पाठवावी? येथे तर्काधारित संगणकविद्येचा संबंध येतो. १९७२ साली फ्रान्समधील मार्सेय येथे अलँ कोल्मेरोएर यांनी ‘प्रोलॉग’ ही भाषा निर्माण केली. तीत संगणकाला आज्ञांची साखळी न देता तथ्ये आणि नियम दिले जातात. निष्कर्ष यंत्र काढते. ‘पाय बधिर असेल, जखम असेल आणि भोवती लाली पसरत असेल, तर रुग्णास आजच पुढे पाठवा’ असा तो नियम. या पद्धतीचा मोठा गुण असा की, निष्कर्ष कोणत्या नियमावरून निघाला हे मागे जाऊन तपासता येते. आजच्या बहुतेक प्रचंड संगणकीय प्रणाली उत्तर देतात. त्या उत्तरापर्यंत कशा आल्या, हे त्यांच्या निर्मात्यांनाही नीट सांगता येत नाही.

जपानने १९८२ साली याच विद्येवर आधारित ‘पाचव्या पिढीच्या’ संगणकाची दहा वर्षांची योजना आखली. अपेक्षा पुऱ्या न होता ती संपली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा कार्यक्रम सुरू केला. त्यात मद्रासच्या आयआयटीत ‘एकलव्य’ नावाची प्रणाली तयार झाली. लहान मुलांच्या आजाराची लक्षणे पाहून आरोग्यसेवकांना मार्गदर्शन करावे, हा तिचा हेतू. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच या देशातील शास्त्रज्ञांना योग्य प्रश्न सुचला होता. त्या नावाच्या पुराणातील मुलाचा अंगठा कापून घेतला गेला. विद्या असूनही ती वापरता येऊ नये, ही गत आजच्या प्रणालींची होता कामा नये.

दल्ली राजहराचा धडा

यंत्राला सरसकट नकार देणे किंवा त्याचे सरसकट स्वागत करणे, या दोन्ही भूमिका कामगारवर्गाला उपयोगी नाहीत. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याला कर्मचाऱ्यांनी केलेला विरोध नोकऱ्यांच्या रक्षणासाठी होता, आणि त्यामागील भय खोटे नव्हते. पण केवळ विरोधाने यंत्राची दिशा बदलत नाही. याचे वेगळे उदाहरण छत्तीसगडमध्येच घडले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत पूर्ण यांत्रिकीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगार संघटनेने अर्ध-यांत्रिकीकरणाची स्वतःची योजना पुढे ठेवली. उत्पादन वाढावे, पण रोजगारही टिकावा, असा तिचा आशय होता. त्याच कामगारांनी जून १९७७च्या पोलिस गोळीबारात बळी पडलेल्या आपल्या साथींच्या स्मरणार्थ स्वतःच्या वर्गणीतून व श्रमांतून १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभे केले. नियोगींशी ज्यांचे राजकीय मतभेद होते, त्यांनीही ही दोन कामे एकत्र ठेवून पाहावीत. यंत्र कोणते असावे आणि जखमेवर उपचार कोठे व्हावेत, हे दोन्ही प्रश्न कामगारांनी आपल्या हाती घेतले होते.

रायपूर आज ज्ञानाच्या बाबतीत दरिद्री नाही. १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राचे महाविद्यालय म्हणून पायाभरणी झालेली संस्था आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. १९६३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ पासून एम्स त्याच शहरात आहे. या संस्थांपासून गोल बाजार दूर नाही. दूर आहे तो त्यांचा कार्यक्रम. अरुंद गल्लीत चालेल, पायरी चढेल आणि दुरुस्तीला सोपी असेल अशी ओझ्याची गाडी हा अभियंत्याला शोभणारा विषय आहे. बाजाराच्या तोंडाशी जखमेच्या पट्टीचे सार्वजनिक केंद्र आणि स्वस्त निर्जंतुक पट्ट्यांचे सार्वजनिक उत्पादन या अवास्तव मागण्या नव्हेत. मालकांकडून लेव्ही घेऊन हमालांना कायद्याचे संरक्षण देता येते, हे महाराष्ट्राच्या १९६९च्या माथाडी कायद्याने दाखविले आहे. पोत्याचे वजन कमी करून घेता येते, हे पुण्याच्या हमाल पंचायतीच्या लढ्याने. त्याच मार्गाने जखमी हमालाला भरपगारी विश्रांतीही मिळू शकते.

या मागण्या हमालांच्या संघटनेने संस्थांच्या दारात नेल्या पाहिजेत आणि तेथील विद्यार्थी-अध्यापकांना बाजारात आणले पाहिजे. चार पायांच्या यंत्राचे पाऊल खडकाळ चढावर कसे पडते, हे शास्त्रज्ञांनी मोठ्या कष्टाने मोजले आहे. गोल बाजारातील दोन पायांचे पाऊल ५० किलो ओझ्याखाली कसे पडते, हे मोजण्यासाठी लागणारी सर्व विद्या आज उपलब्ध आहे. ते मोजावयाचे की नाही, हा निर्णय मात्र प्रयोगशाळेत एकट्याने होणारा नाही.