एक प्रत, दोन संगणक

मार्च आला की आपल्या मंडळातले छोटे व्यावसायिक हमखास विचारतात, "सॉफ्टवेअर रोख पैसे मोजून घेतलंय, मग दुकानातलं घरच्या संगणकावरही टाकलं तर बिघडलं कुठे?"

१९८०च्या दशकात बोरलँड कंपनीच्या परवान्यात याचं सरळ उत्तर होतं. सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. कोणीही, कुठल्याही संगणकावर चालवा, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालायला नको. इतका शहाणा परवाना नंतर क्वचितच पाहायला मिळाला.

आता ज्याचा त्याचा कायदा वेगळा. अडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड दोन संगणकांवर ठेवता येतं, पण एका वेळी एकावरच वापरायचं. आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या जेटब्रेन्सचा वैयक्तिक परवाना नोकरीच्या कामालाही चालतो. अट एवढीच की पैसे स्वतःच्या खिशातले हवेत, कंपनीकडून वसूल करायचे नाहीत.

खरी गोम मायक्रोसॉफ्टच्या 'ऑफिस होम अँड स्टुडंट २०१९'मध्ये आहे. ते एकाच संगणकासाठी आहेच, शिवाय धंद्याच्या कामाला चालत नाही. म्हणजे मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या प्रतीवर दुकानाची कोटेशनं बनवली, तर संगणक तोच असूनही परवाना मोडला! आपण संगणक मोजत बसतो आणि कंपनी विचारते, काम कोणतं?

टॅलीचं बरं आहे. एका वापरकर्त्याचा परवाना दुकानातल्या संगणकावर 'सरेंडर' करून घरच्यावर सुरू करता येतो. थोडी कटकट आहे, पण सरळ मार्ग आहे.

"कोण बघायला येतंय?" हे उत्तर मला पटत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमानुसार, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. दुकानदाराला ती सवलत कशी मिळणार? स्वतःच्या वैध प्रतीची बॅकअप प्रत ठेवायला मात्र हाच कायदा मुभा देतो.

नोकरदारांनी बिल कोणाच्या नावावर आहे तेवढं पाहावं. कंपनीने घेतलेलं सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर टाकायचं असेल तर आयटी विभागाला ईमेल करून लेखी होकार घ्यावा, आणि नोकरी सोडताना ते काढून टाकावं.

घरी नुसती पत्रं आणि साधे हिशेब करायचे असतील तर लिब्रेऑफिस उतरवून घ्या. फुकट आहे, हव्या तितक्या संगणकांवर टाका, दुकानातही वापरा. युनिकोड मराठीही त्यात नीट लिहिता येतं.