पॅरिसचं पोस्टर कला, मग दीक्षाभूमीचं पोस्टर रद्दी कसं?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच छापचित्रांची प्रदर्शनं मोठमोठ्या संग्रहालयांत भरतात. तिथं काचेआड काय असतं? तुलूझ-लोत्रेकनं १८९१ साली 'मुलाँ रूज' या नाचघरासाठी केलेली जाहिरात. स्टाइनलेननं १८९६ साली रंगवलेलं काळ्या मांजराचं पोस्टर, तेही एका कॅबरेचं. शिळाछापावर काढलेले हे स्वस्त कागद पॅरिसच्या भिंतींवर खळीनं चिकटवलेले असायचे. आज लोत्रेकच्या नावानं आल्बी शहरात १९२२ पासून अख्खं संग्रहालय उभं आहे.

त्याला आमचा विरोध नाही. रस्त्यावरचा कागद कला ठरू शकतो, हे त्यांनीच सिद्ध केलं. आमचा सवाल इथल्या व्यवस्थेला आहे.

राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. त्यातून निघालेले रंगीत देव घराघरांत गेले. आज ती छापील चित्रं 'वारसा' म्हणून लिलावात विकली जातात. आणि आमची चित्रं?

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या भिंतींवरचे देव उतरले आणि त्याच खिळ्याला बुद्ध-बाबासाहेबांची छापील तसबीर लागली. एक चित्र उतरवून दुसरं लावणं, ही आमच्या माणसांनी कुडाच्या भिंतीवर केलेली क्रांती आहे. आजही दीक्षाभूमीच्या मेळ्यातून गडचिरोलीच्या गावागावांत ती चित्रं जातात. तरी कलेचे ठेकेदार त्यांना 'कॅलेंडर' म्हणून नाक मुरडतात. दारूच्या अड्ड्याची जाहिरात कला, आणि माणूस म्हणून उभं राहण्याची खूण रद्दी? हा निकष सौंदर्याचा नाही, मक्तेदारीचा आहे.

हक्क कुणी घरी आणून देत नाही. बल्लारपूरच्या पेपर मिलनं वर्षानुवर्षं इथल्या जंगलातला बांबू नेला. तो स्वतः विकायला लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला २०११ उजाडावं लागलं, तेही लढून. इतिहासाचंही तसंच आहे.

म्हणून तरुणांनो, संग्रहालयाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहू नका. आजीच्या पेटीतली तसबीर, जुनी जयंतीची पोस्टरं, मोर्चाची पत्रकं शोधा. कुठल्या छापखान्यात, कुठल्या साली छापली, कुणी जपली, ते नोंदवा. विहारातली एक भिंत त्यांना द्या. आपलं प्रदर्शन आपणच भरवू.

जय भीम!