नांव पर्यावरणाचें, पाणी कोणाचें?

ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘बायो-ई-३’ नांवाचें धोरण मंजूर केलें. त्यांतील तीन ‘ई’ हीं इंग्रजी आद्याक्षरें. अर्थव्यवस्था, पर्यावरण व रोजगार हा त्यांचा अर्थ. जमिनीखालच्या तेलाऐवजीं पिकें व सूक्ष्मजंतू यांवर उद्योग चालवावयाचे, यास जैव अर्थव्यवस्था म्हणतात. कल्पना वाईट नाहीं. परंतु यांतील पर्यावरण म्हणजे काय, हें कोणी ठरवावयाचें?

इथेनॉलचेंच पाहा. पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत प्रथम २०३० होती. २०२२ मध्यें ती अलीकडे ओढून २०२५-२६ केली. या घाईचे समर्थक मोटारीच्या धुराचा हिशेब तोंडपाठ सांगतात; विहिरीचा हिशेब कोणी काढीत नाहीं. उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारें २,८६० लिटर पाणी लागतें, असें नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतच आहे. आंकडा छापला गेला आणि धोरण आपल्या वाटेनें पुढें गेलें! डिसेंबर २०२३ मध्यें उसाच्या रसावर बंधन आलें खरें. पण तें साखर कमी पडेल या भीतीनें, पाण्याच्या काळजीनें नव्हे.

याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. पेट्रोलमिश्रणासाठीं धान्यापासून इथेनॉल करणारे व सांडपाणी बाहेर न सोडणारे कारखाने जून २०२१ च्या अधिसूचनेनें जनसुनावणींतून सुटले. सांडपाणी सोडणार नाहीं, असें कारखानदारानें कागदावर लिहावयाचें. ज्याची विहीर शेजारीं आहे त्यास विचारावयाचेंही नाहीं! पूर्वीं पोथी आमच्यापुढें उघडीत नसत. आतां अहवाल उघडीत नाहींत. भेद तो काय?

दोष केवळ दिल्लीस देऊन मात्र चालणार नाहीं. साखर कारखान्यांच्या खुर्च्यांवर आमच्याच समाजाचे पुढारी बसले आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. त्याच मराठवाड्यांत ऊस कोणाच्या आग्रहानें वाढला? ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यास आम्ही बोल लावीत नाहीं. ज्वारी-तुरीस भावाची खात्री नाहीं, म्हणून तो उसाकडे वळतो.

आमचें मागणें साधें आहे. परवान्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याच्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढें मराठींत वाचला जावा, आणि जनसुनावणीचा हक्क परत मिळावा. शेतकरी बंधूंनो, उसाच्या बिलाचा हिशेब मागतां तसा पाण्याचाही मागा. न मागितलेला हिशेब कोणी आपण होऊन देत नाहीं.